मदत हवी आहे: घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज नेमका कुठे बसवावा?

सागवानी फळीतून घडवत असलेल्या इलेक्ट्रिक गिटारची नेक (मान) बसवून झाली असून आता ब्रिजची, म्हणजे तारांचे खालचे टोक धरणाऱ्या भागाची, भोके पाडायची आहेत. स्केल, म्हणजे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज हे तारेचे मूळ माप, ६४८ मिलिमीटरची आहे. नटपासून बाराव्या फ्रेटचे (नेकवरील आडव्या धातूच्या पट्टीचे) अंतर बरोबर ३२४ भरते. कडेच्या दोन्ही तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणून ब्रिजची मध्यरेषा जुळवली आहे. ब्रिज स्थिर प्रकारचा असून त्यातील सॅडल (प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी बैठक) स्क्रूने सुमारे १० मिलिमीटर मागेपुढे सरकतात, तारा ०.०१० ते ०.०४६ इंचांच्या, ट्यूनिंग नेहमीचेच. फ्रेटवर दाबताना ताण वाढून सूर चढतो, त्यामुळे जाड तारेचे सॅडल अधिक मागे (नटपासून दूर) न्यावे लागणार हे उघड आहे. सागात बुजवलेले भोक दिसतेच, म्हणून आधीच विचारतो: ६४८ हे माप पातळ तारेचे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे ठेवून घ्यावे की मध्यावर ठेवून?