चर्चा: «सल्काटा कुत्र्यापेक्षा सोपा» म्हणे!

गंगापूररोडकर: महाकाय कासव पाळायला कुत्र्यापेक्षा सोपं. सल्काटा या आफ्रिकी कासवाचं पिल्लू घ्या, कोबी-द्राक्षं टाका, बाल्कनीत वर्षानुवर्षं राहतं.

निफाडची थंडी: सोपं? तळहातावरचं पिल्लू बघून बोलताय. सल्काटाचा नर सहज ४०-५० किलोचा होतो, हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटावरच्या कासवाचा २०० ओलांडतो. सल्काटा साहेलमधला, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातला, उन्हापासून वाचायला बीळ खणणारा. आपल्या काळ्या मातीत तेच बीळ पावसाळ्यात पाण्यानं भरतं आणि ढासळतं, कासव आतच. निफाडला पारा ५-६ वर आला तरी ही जात थंडीत झोपत नाही. अंग गार पडलं की पचन थांबतं, पोटातलं अन्न आंबतं, नाक गळतं, मग न्यूमोनिया. काचबंद बाल्कनीतल्या उन्हाचाही उपयोग नाही, काच यूव्हीबी, म्हणजे कासवाला लागणारे अतिनील किरण, अडवते. आणि द्राक्षं! साखरेनं आतड्यातले जंतू बिघडून जुलाब लागतात. जिल्हा द्राक्षांचा आहे, कासव नाही.

शेडनेट: घाबरवू नका हो. इन्सुलेशन केलेली खोपटी, तेलाचा हीटर, थर्मोस्टॅट २६ अंशांवर. झालं. चाऱ्याला गोठेवाल्यांकडे रोज लसूणघास मिळतो.

निफाडची थंडी: लसूणघास दुभत्या म्हशीचा! वाळल्यावर १८-२० टक्के प्रथिनं. कवचावर डोंगर उठतील, म्हणजे खवले उंचवट्यांसारखे वाढतील.

शेडनेट: चूक. डोंगर उठतात ते मुख्यतः कोरड्या हवेनं. पिल्लाला ७०-८० टक्के आर्द्रता ठेवा, रोज २० मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीखाली. अर्धवट वाचून शिकवू नका.

निफाडची थंडी: हवेचं बरोबर, घ्या टाळ्या. म्हणून म्हशीचा चारा द्यायचा? हरळी द्या, मारवेल गवत द्या. फड्या निवडुंगाचे काटे जाळून द्या, पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांवरची कासवंही निवडुंग खातात. फक्त द्राक्षबागेच्या बांधावरची हरळी आणू नका, फवारणी तिच्यावरच उतरते.

पंचवटीकर: घास पुरे! कागद कुठंयत? सल्काटा, अल्डाब्रा साइटीसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात, गॅलापागोसचं पहिल्यात. वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद सक्तीची, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर. «बिल नंतर देतो» म्हणणाऱ्या दुकानातून उठा. वास्तूच्या नावानं स्टार कासव ठेवणाऱ्यांनी तर बोलूच नये, ते पाळणं सरळ गुन्हा.

शेडनेट: म्हणजे कागदपत्रं असलेलं, पैदाशीचं पिल्लूही पाप?

पंचवटीकर: पाप नाही, पण शोभेची वस्तूही नाही. अल्डाब्रावर लाखभर कासवं चरून गवताची आखूड हिरवळ राखतात, बिया पसरवतात. अन्नपाण्याविना महिनोन्‌महिने टिकतात हाच गुण गॅलापागोसच्या कासवांना नडला. खलाशांनी ताज्या मांसासाठी जहाजांत रचून नेली. तेच आता «काही मागत नाही» म्हणून बाल्कनीत.

शेडनेट: बरं बाबा, द्राक्षं गेली, घास गेला. निदान कुंपण तरी सांगा, की तेही पाप?

निफाडची थंडी: दोन फूट उंच भरीव भिंत, पाया दीड फूट खाली. जाळी नको, पलीकडचं दिसलं की दिवसभर ढकलत बसतो. कोपरे गोल करा, काटकोनात चढायला जाऊन उलटतो. आणि भर उन्हात उलटलेला ४५ किलोचा नर उचलायला घरात दोन माणसं हवीत. दुपारी कोण असतं तुमच्याकडे?