सल्ला हवा: फ्रान्समधील कॉस पठारे आणि तार्न, झोंतच्या दऱ्या ग्रॅव्हल सायकलवरून

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी जूनमध्ये मी आणि माझी धाकटी बहीण दक्षिण फ्रान्समधील कॉस या चुनखडीच्या पठारांवर ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या वाटांवर चालणारी, रुंद टायरची सायकल) सात दिवस फिरण्याचे ठरवत आहोत. सोवतेर, मेजाँ, न्वार आणि लार्झाक अशी ही चार मोठी पठारे असून तार्न, झोंत आणि दूर्बी या नद्यांनी त्यांच्यामधून खोल दऱ्या कोरल्या आहेत. गेली सहा वर्षे आम्ही दोघे नाशिकहून त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूला सायकल चालवतो, आणि दिवसाला शंभर किलोमीटर व एखादा घाट आमच्या अंगवळणी पडला आहे. त्याच हिशेबाने मीयो या गावातून निघून सातव्या दिवशी तिथेच परतणारा, रोज नव्वद ते शंभर किलोमीटरचा मार्ग मी नकाशावर आखला आहे. हा हिशेब बरोबर आहे का, टायर कोणते घ्यावेत आणि आम्ही शाकाहारी असल्याने जेवणाचे कसे होईल, याबद्दल तिकडे जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

दादा, दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी याच भागात आठ दिवस होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमचा हिशेब मला पटत नाही, कारण मीही किलोमीटर मोजूनच निघालो होतो आणि दुसऱ्याच दिवशी आराखडा मोडावा लागला होता. पठारावर चढल्यानंतर वाट लाटांसारखी वरखाली होत जाते आणि तिथे शंभर किलोमीटर होऊ शकतात. मात्र एका पठारावरून दुसऱ्यावर जायचे तर चार-पाचशे मीटर खाली नदीपर्यंत उतरावे लागते आणि पूल ओलांडून लगेच तितकेच चढावे लागते. ला मालेन या गावातून मेजाँ पठारावर जाणारा नागमोडी रस्ता मी सामानासह दुपारी चढलो, तेव्हा सगळा कडा तापलेला होता आणि सावली फक्त वळणावळणांवर मिळत होती. दिवसाला एक दरी हे प्रमाण ठेवा आणि अंतर पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. ती दरी सकाळी आठच्या आत चढायला लागता आली, तर उरलेला दिवस पठार पाहण्यासाठी मोकळा मिळतो.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि तो आपल्या अनुभवाने सुटत नाही. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. पठारावर कुठेही गेलो तरी वाडीवर विहीर असते, एखादा झरा असतो. तिकडे पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीच्या भेगा विरघळवत रुंदावते आणि थेट पोटात उतरते. त्यामुळे मेजाँसारख्या सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या पठारावर वाहता ओढा दिसत नाही, आणि तेच पाणी दरीच्या तळाशी मोठ्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. सँतेनिमी गावातला ब्युर्ल नावाचा झरा असाच आहे. एनिमी नावाच्या राजकन्येचा कुष्ठरोग त्या पाण्याने बरा झाला, अशी तिकडची आख्यायिका आहे. आपल्याकडच्या कुंडांच्या कथा ऐकलेल्या माणसाला ती लगेच जवळची वाटते. वर मात्र मेंढ्यांसाठी दगडी फरसबंदी करून पावसाचे पाणी साठवलेले गोल हौद असतात, त्यांना लावोन्य म्हणतात. ते दिसायला सुंदर असले तरी त्यातले पाणी पिण्याचे नाही. माझ्याकडे अडीच लिटर पाणी होते आणि यूर-ला-पाराद या गावाच्या अलीकडे ते संपले. एका शेतकरी आजींनी दोन्ही बाटल्या भरून दिल्या नसत्या, तर मला परत दरीत उतरावे लागले असते. माणशी चार लिटरची सोय करा आणि दरीतले गाव सोडताना प्रत्येक बाटली भरूनच निघा.

महिना तुम्ही योग्य निवडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार असते, आणि तार्नच्या काठचा रस्ता मोटारी व होड्या वाहणाऱ्या गाड्यांनी भरून जातो. शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडून येणारे ढग सेवेनच्या डोंगरांना अडून काही तासांत अतोनात पाऊस पाडतात, त्यामुळे तो काळही टाळलेला बरा. जूनमध्ये पठारावर पिसांसारखे पांढरे तुरे असलेले गवत वाऱ्याबरोबर हलत असते, आणि रात्री नऊनंतरही उजेड असल्यामुळे घाई करावी लागत नाही.

मुरूमवाट

टायरविषयी लिहितो. चुनखडीची खडी आपल्या मुरमासारखी गोल नसते. तिच्या कडा धारदार असतात आणि टायरची बाजू चिरली जाते. माझ्या अनुभवात ट्यूबलेस, किमान ४५ मिलिमीटर रुंद आणि जाड बाजूचे टायर सोडून दुसरे काही नेऊ नये. सोबत सीलंट (भोके बुजवणारा द्रव), प्लग (भोकात खुपसायचे बूच), दोन ट्यूब आणि चिरलेल्या भागाला आतून लावण्यासाठी जुन्या टायरचा एक तुकडा ठेवावा. न्वार पठारावर त्याच तुकड्याने माझे उरलेले दोन दिवस वाचवले. गिअरची पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान असावी, नाहीतर सामानासह ते चढ बसून चढता येत नाहीत. सरावासाठी नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट एका सकाळी दोनदा चढून पाहा, तेही प्रवासातले सगळे सामान सायकलला बांधून.

पंचवटीकर

घाटमाथा दादा, मेजाँवरच राहून काय पाहावे, हेही कृपया सांगावे. मला पक्ष्यांची आवड आहे, आणि त्या दऱ्यांत गिधाडे आहेत असे ऐकले आहे.

घाटमाथा

ताई, गिधाडांसाठी तर तिथे एक पूर्ण दिवस ठेवावा, असे माझे मत आहे. ग्रिफन गिधाडे या दऱ्यांतून विसाव्या शतकात नाहीशी झाली होती. पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडे १९८१ पासून झोंतच्या दरीत सोडली गेली, आणि आज तिथल्या कड्यांवरून ती डझनांनी घिरट्या घालताना दिसतात. सकाळी दहाच्या सुमारास कडे तापून हवा वर चढू लागली की ती निघतात. सायकलवरून पठाराच्या कडेला पोहोचलो, तर ती आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, कधी खालून जातात, आणि पंखांतून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. अंजनेरीच्या कड्यांवरची आपली लांब चोचीची गिधाडे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जनावरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने भारतातली बहुतेक गिधाडे कशी मेली ते माहीत असल्यामुळे, परत आणलेली गिधाडे पाहताना मला गलबलून आले. तिथले मेंढपाळही मेलेली जनावरे गिधाडांसाठी ठेवतात; हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांना खाऊ घालण्याची जी जागा केली आहे, तिच्याशी हे पुष्कळ जुळते.

मेजाँवरच आवेन आर्माँ ही गुहा आहे. १८९७ मध्ये लुई आर्माँ या लोहाराला ती सापडली आणि एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या गुहा-संशोधकाने त्याच्याबरोबर ती धुंडाळली. खाली चुनखडीचे शेकडो स्तंभ उभे आहेत आणि सर्वांत उंच स्तंभ सुमारे ३० मीटरचा आहे. वरचे पाणी कुठे जाते, हे तिथे उतरल्यावर डोळ्यांनी दिसते, म्हणून पहिल्या दोन दिवसांतच ती पाहावी. यूरच्या बाजूला १९९३ पासून प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे कुंपणाच्या मोठ्या कुरणात ठेवले आहेत. त्यांच्यापैकी काही पुढे मंगोलियात पाठवले गेले. सेवेनचा हा प्रदेश २०१८ पासून अंधाऱ्या आकाशासाठी राखीव म्हणून मान्यता पावला आहे, तेव्हा एक रात्र तरी पठारावरच्या मुक्कामात काढा.

भाजणी

शाकाहाराबद्दल माझ्याकडून. रोकफोर चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचे असते आणि ते वासराच्या किंवा कोकराच्या पोटातील रेनेटने (दूध साकळवणारे द्रव्य) विरजले जाते. कटाक्षाने शाकाहारी असाल तर हे आधी माहीत असावे. बटाटा आणि चीज घोटून केलेला आलिगो सर्वत्र मिळतो, पण त्यातल्या चीजलाही सहसा हीच अडचण असते. म्हणून पाव, फळे, सुकामेवा, शिजवलेली कडधान्ये यांवर दिवस काढण्याची तयारी ठेवा आणि मुक्काम ठरवतानाच मालकांना आठवण करून द्या. युरोपीय संघात प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरी ठेवा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे चालतात. पठारावर दुकाने जवळजवळ नाहीत, आणि दरीतली दुकाने दुपारी बंद होतात. सकाळी पाव घेतल्याशिवाय गाव सोडू नका.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी पुन्हा नकाशा उघडला असून आराखडा असा बदलतो आहे: मीयोहून न्वार पठारावर, तिथून झोंतच्या काठच्या मेरुएस गावात, मग मेजाँवर दोन रात्री, पुढे सँतेनिमीला उतरून सोवतेर, आणि शेवटी तार्नच्या काठाने ल रोझिएमार्गे मीयो. लार्झाक या खेपेस सोडतो. कुठलाही दिवस साठ किलोमीटरच्या वर जात नाही. शेन्जेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, तेव्हा डिसेंबरमध्येच मुंबईला जाऊन तो भरू. एकच शंका उरते: नकाशावर धनगरी वाटांसारख्या ज्या कच्च्या वाटा दिसतात, त्यांवरून सायकल नेली तर चालते का?

घाटमाथा

दादा, त्यांना द्राय म्हणतात. कळप उन्हाळ्यात डोंगरावर नेण्याच्या त्या जुन्या वाटा आहेत, आणि या मेंढपाळीमुळेच २०११ मध्ये कॉस आणि सेवेनचा प्रदेश जागतिक वारसा ठरला. त्यांतील पुष्कळ वाटांवरून जाता येते, परंतु सेवेन राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात खुणा केलेला मार्ग सोडू नये. मासिफ सांत्राल हा मध्य फ्रान्सचा डोंगराळ प्रदेश आरपार ओलांडणारा सुमारे १४०० किलोमीटरचा माउंटन बाइकचा चिन्हांकित मार्ग याच भागातून जातो; पहिल्या खेपेस त्याच्याच खुणा धरून चाललेले सोयीचे. वाटेत कुरणांची फाटके लागतील, ती उघडून आत गेलात की लगेच लावून घ्या. कळपाजवळ मोठा पांढरा कुत्रा धावत आला तर थांबून उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, शांत आवाजात बोलत कळपाला लांबून वळसा घाला. मला दोनदा तसे करावे लागले, आणि दोन्ही वेळा तो वास घेऊन मेंढ्यांकडे परत गेला.