तीन प्राध्यापक, पाऊण तास आणि मध्येच तोडणारा सूत्रधार

नळस्टॉप
बीबीसी रेडिओ ४ वरचा 'इन अवर टाइम' हा चर्चेचा कार्यक्रम त्याचे सूत्रधार मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ मध्ये सोडला. ऑक्टोबर १९९८ पासून हजारावर भाग झाले. दर गुरुवारी सकाळी नऊला एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तास. एका आठवड्यात उपनिषदं, दुसऱ्या आठवड्यात न्यूट्रिनो. पुस्तक खपवायला आलेला पाहुणा नाही, मागे संगीत नाही.

माझं म्हणणं थोडं टोचेल. आपल्याकडे इतिहासावरचे तीन-तीन तासांचे मराठी पॉडकास्ट निघतात, त्यातला 'सविस्तर' म्हणजे बहुतेक वेळा संपादनाचा कंटाळा असतो. पाहुणा प्रस्तावनेत रेंगाळला की ब्रॅग सरळ तोडायचे. आपला सूत्रधार मात्र 'काय सांगता, सर!' म्हणत मान डोलावतो. शेजारी दुसरा अभ्यासकही नसतो, मग सरांना अडवणार कोण?

सोपारा_फास्ट
बीबीसीमागे ब्रिटिश जनतेने भरलेली टीव्हीची लायसन्स फी आहे. इथे एक पोरगा पगारी नोकरी सांभाळून दोन माईक विकत घेतो आणि रात्री जागून एडिट करतो. तुलना करताना थोडी तरी लाज बाळगा, राव.

आणि तीन अभ्यासक एका टेबलावर आणायचे म्हणता? शिवकालावर दोघांचं मत वेगळं निघालं की त्यातल्या वीस सेकंदांची क्लिप फिरते आणि तिसऱ्या दिवशी माफीची मागणी येते. एकेकट्याला बोलावतात त्यामागे भीती आहे, आळस नाही.

नळस्टॉप
भीतीचा मुद्दा मान्य. पण मग शिवकाल सोडून बाकी इतिहास ओस पडलाय का? अशोकाने ठिकठिकाणी कोरवलेल्या शिलालेखांच्या मालिकेतल्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे तुमच्याच सोपाऱ्याला सापडले. कलिंगात लाख माणसं मेली असं सांगणारा तेरावा लेख खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगडला कोरलेलाच नाही, त्या जागी वेगळे लेख आहेत. का? जिंकलेल्यांना हे वाचायला द्यायचं नव्हतं? एवढ्या एका प्रश्नावर शिलालेखांचा अभ्यासक, बौद्ध ग्रंथांचा अभ्यासक आणि राज्यव्यवस्थेचा अभ्यासक असे तिघे पाऊण तास भांडू शकतात. यावर कोण माफी मागायला लावणार आहे?

लेस्टरकर
काका, मी इथे हा कार्यक्रम नेमाने ऐकतो, म्हणून सांगतो. तुमचं घड्याळ-माहात्म्य जरा जास्तच झालंय. रेडिओवरचा भाग संपल्यावर पॉडकास्टमध्ये काही मिनिटं जास्तीची असतात. 'काय राहून गेलं?' असं विचारल्यावर तेच प्राध्यापक मोकळे होतात, एकमेकांना चिमटे काढतात, मग निर्माता येऊन चहा की कॉफी विचारतो. कित्येकदा सगळ्यात रसाळ भाग तोच असतो.

नळस्टॉप
रसाळ होतो कारण आधी पाऊण तास पिळून काढलेलं असतं. नुसतीच ती मिनिटं तीन तास ताणून पाहा.

मध्यमलहर
धागा पॉडकास्टवाल्यांवर का घसरला? मूळ दुखणं दुसरीकडे आहे. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी करायला परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. तरी एफएमवर आपण काय ऐकतो? गाणी, फोनवरून केलेली चेष्टा आणि ट्रॅफिक. आकाशवाणीची सरदार पटेल व्याख्यानमाला १९५५ पासूनची, पण व्याख्यान म्हणजे संवाद नव्हे.

नळस्टॉप
बंदी बातम्यांवर आहे, अशोकावर नाही. इतिहासावर बोलायला एफएमला कोणी अडवलंय?

मध्यमलहर
जाहिरातदाराने. सकाळी नऊला मौर्यकाळ लावलात तर साडेनऊला मार्केटिंगवाला केबिनबाहेर उभा.

लेस्टरकर
गंमत म्हणजे गुरुवार सकाळची ती वेळ रेडिओ ४ वरही मेलेलीच समजत होते. ब्रॅगना सुरुवातीला सहा महिन्यांचंच कंत्राट होतं. आणि ती वेळ त्यांना मिळाली कशी, तेही ऐका. आधी ते सोमवारचा 'स्टार्ट द वीक' करायचे, त्यात ताज्या विषयांवर लेखक-विचारवंतांशी बोलणं असे. १९९८ मध्ये ते मजूर पक्षातर्फे लॉर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले, मग चालू घडामोडींच्या कार्यक्रमात राजकीय माणूस नको म्हणून ते बाजूला झाले. वर्तमानाला हात न लावणारा हा कार्यक्रम अशा राजकीय अडचणीतून जन्मला. तुम्ही ज्याला शिस्त म्हणता, तिच्या मुळाशी थोडी सक्तीही आहे.

सोपारा_फास्ट
हेच म्हणतोय मी! अडचण आमच्या पोरांची असली की आळस, लॉर्डची असली की शिस्त.

नळस्टॉप
त्या अडचणीतून त्यांनी हजार भाग काढले. तुमच्या पोराने एका भागात दोन अभ्यासक समोरासमोर बसवावेत, विषय वाटलं तर धौली घ्यावा. माईकचे पैसे मी देतो, पण मध्ये तोडायचं काम त्याचं.

सोपारा_फास्ट
व्यक्तिगत निरोप पाठवतो. दोन नाही, तीन माईक लागतील.