किती वाचलं ते नको, कसं वाचलं ते सांगा

डिसेंबर आला की मला जानेवारीतली यादी आठवते. यंदा 24 पुस्तकांची होती, झाली नऊ. त्यातलं एक मात्र मोठ्याने वाचलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून रोज दुपारी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवत होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आलं आणि सासूबाई इतक्या हसल्या, की ‘डोळ्याला हात लावू नका हो’ म्हणून ओरडावं लागलं. मग त्यांच्या स्वतःच्या आजोळचं सोवळं सुरू झालं. त्या दिवशी चार पानंसुद्धा झाली नाहीत. तर आकडे राहू द्या, तुमचं वर्ष लिहा. अर्धवट सोडलेली पुस्तकंही चालतील.

डोंबिवलीहून
ताई, सकाळच्या फास्टला एक हात कडीला, म्हणून दुसऱ्या हातात मावेल तेच पुस्तक. ‘रणांगण’ घेतलं ते बारीक आहे म्हणून! 1939 सालची कादंबरी. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, चक्रधर आणि हॅर्टा. दादरला उतरायचं ते भायखळ्याला उतरलो. लेटमार्क लागला. कारण कुणाला सांगितलं नाही.

टोरांटोहून
पुण्याहून निघताना 23 किलोंत लोणचं की पुस्तकं, हे भांडण दरवेळचं. या खेपेला लोणच्याची एक बरणी मागे राहिली आणि दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आलं. बारा महिन्यांचे बारा लेख. ठरवलं, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, पुढे पान उलटायचं नाही. चैत्र वाचला तेव्हा खिडकीबाहेर एका झाडाला पान नव्हतं, फुटपाथच्या कडेला काळा पडलेला बर्फ. आईला फोन केला, तर ती म्हणाली, “आपल्या गल्लीतला करंज बघ, नुसता पोपटी झालाय.” तेव्हापासून दर महिन्याला लेख वाचून झाला की तिला विचारते, आता काय फुललंय? तिलाही सवय लागली. परवा तिनेच फोन केला, शेजारच्या आवारात सोनचाफ्याला दोन फुलं आलीत म्हणून. श्रावण तीन दिवस आधीच वाचला, ही कबुली. राहवलं नाही.

नागपूरहून
‘कोसला’ तिसऱ्यांदा सोडलं. पन्नासाव्या पानाच्या आसपासच, नेहमीप्रमाणे. लोक म्हणतात पुढे मजा आहे. असेल.

तालुक्याच्या गावाहून
आमच्या वाचनालयात ‘बनगरवाडी’ मागितली. मागच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का 2009 चा, आणि त्याच्या आधीच्या नोंदीतला सभासद क्रमांक माझ्या वडिलांचा! घरी नेऊन त्यांना दाखवला. म्हणाले, “वेळेवर परत केली होती ना मी?”
दिवाळी अंकांची योजनाही घेतलीय. पण माझ्याकडे अंक येईपर्यंत शब्दकोडं कुणीतरी सोडवून ठेवलेलं असतं. तेही पेनाने. आणि आडवं सात चुकलेलं.