पहिला सुलट टाका : तुमचा अनुभव लिहा

गोव्यात स्वेटर घालणार कोण, हा प्रश्न घरच्यांनी विचारून झालाय, तुम्ही नका विचारू. पणजीत आमच्या इमारतीतल्या काहीजणी या पावसाळ्यात दोन सुयांवरचं विणकाम शिकतोय आणि सगळ्यांचं घोडं सुलट टाक्यावरच, म्हणजे विणकामातल्या पहिल्या साध्या टाक्यावरच अडलंय. ज्यांना जमलं, ज्यांनी सोडून दिलं, दोघांनीही लिहा. क्रोशावाल्यांनी या, पण सुयांबद्दल बोला.

फोंडा
मला मावशीने शिकवलं. तिचा मंत्र चारच शब्दांचा : घाल, फिरव, ओढ, सोड. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घालायची. सुयांची फुली होते, उजवी सुई मागे. लोकर मागच्याच बाजूला हवी. ती उजव्या सुईच्या टोकाखालून घेऊन दोन सुयांच्या मधून पुढे आणायची. तो नवा फास जुन्या टाक्यातून ओढून काढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडायचा. पहिली तीन कामं कुणालाही येतात. चौथ्याला हात कचरतो, सगळं उसवेल असं वाटतं. उसवत नाही, कारण नवा फास उजव्या सुईवर बसलेला असतो. फास ओढताना उजव्या सुईचं टोक डाव्या सुईला घासत खाली आणा, म्हणजे निसटणार नाही.
सगळ्या ओळी सुलट विणल्या की आडवे कंगोरे दिसतात. दोन ओळींचा एक कंगोरा, त्यामुळे ओळी मोजत बसायला नको.

मडगाव
निवृत्तीनंतर शिकलो. बायको हसली, आता तीच लोकरीचे गुंडे करून देते. सुयांचे जुने नंबर उलटे चालतात, हे दुकानात जाण्यापूर्वी माहीत असलेलं बरं : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. नंबर वाढला की सुई बारीक. नवशिक्याने ८ घ्यावी आणि लोकर फिक्या रंगाची. काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही, मग शिकणार काय कपाळ!

डिचोली
एप्रिल-मेमध्ये घामेजल्या हातांना ॲक्रिलिक चिकटतं, टाका सुईवरून पुढे सरकत नाही. मी सुती दोरा घेतला. हाताला गार लागतो, पण तो ताणला जात नाही, घट्ट विणणाऱ्याची बोटं भरून येतात. बांबूच्या सुयांवर टाके धरून राहतात, धातूच्या सुयांवरून सुळकन पळतात. सुरुवातीला बांबू बरा.

म्हापसा
वीस टाके घातले होते, चार बोटं विणल्यावर मोजले तर वाढलेले! असं कुणाचं होतं का?

फोंडा
सगळ्यांचंच होतं. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली तर पहिल्या टाक्याचे दोन पाय (फासाच्या दोन्ही बाजूंचे धागे) वर येतात आणि ते दोन टाके वाटतात. दोन्ही विणले की झाली वाढ. लोकर आधी खाली ओढा, मग मागे न्या. मधेच भोक पडून टाका वाढला असेल तर लोकर पुढे राहिली होती समजा.

वास्को
माझी शेजारीण पोर्तुगीज पद्धतीने विणते. लोकर मानेमागून घेते आणि डाव्या अंगठ्याने पुढच्या पुढे सुईवर टाकते. त्या पद्धतीत उलट टाका (सुलट टाक्याची मागची बाजू) सोपा, म्हणून तिने मला आधी तोच शिकवला. सगळ्या ओळी उलट विणल्या तरी कापड तेच कंगोऱ्यांचं होतं! मी सुई आवळून धरली की ती ओरडायची, "हात सदळ सोड गो!"

पेडणे
मला नाही जमलं. दोन सुया, दोन हात आणि वर लोकर सांभाळायची, हा व्याप कुणी सांगितलाय? क्रोशाची एकच सुई बरी. मात्र सुटलेला टाका उचलायला शेजारच्या विणणाऱ्या काकी माझाच क्रोशा मागायला येतात, हे नोंदवून ठेवते.

मडगाव
पहिली वस्तू म्हणून मफलर नको, संपता संपत नाही. सुती दोऱ्याचा वीतभर चौकोन करा, ओटा पुसायला होतो. सगळ्या ओळी सुलट असल्या की कडा गुंडाळत नाहीत. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या, नाहीतर वरची कड आखडते.