कमरेचं ऑपरेशन सांगितलंय, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय: काय काय न्यावं?

नंदगडची_लेक

नमस्कार मंडळी. आईचं वय ५८, राहणार नंदगड, ता. खानापूर. पाच आठवडे झाले, कमरेतून उजव्या पायात, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं थेट अंगठ्यापर्यंत कळ जाते. बेळगावात एमआरआय केला. एल-४ आणि एल-५ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) मधली गादी सरकलीय, दहा दिवसांत ऑपरेशन करून स्क्रू आणि रॉड बसवू, असं डॉक्टर म्हणाले. आईला शुगर आहे, बीपीची गोळीही चालू आहे. ती घरात चालते-फिरते, पण पंधरा-वीस मिनिटांवर बसवत नाही.

ऑपरेशनला आमचा नकार नाही, पण एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं असं वाटतं. आधीच्या डॉक्टरांना वाईट न वाटता फाईल कशी मागायची? हुबळी, मिरज की कोल्हापूर? रेशन कार्ड बीपीएल आहे, त्याचं काय करायचं? जाणकारांनी नीट सांगावं.

फिजिओ_टिळकवाडी

ताई, कागदांचं नंतर बघू. आधी तुमच्याकडे वेळ आहे का, ते ठरवा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, संडासचा ताबा सुटणे, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा, पाऊल उचलताना लुळं पडणे, यातलं एक जरी असेल तर दुसरं मत वगैरे काही नाही. त्याच दिवशी जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जायचं. तिथे तासांचा हिशोब असतो.

यातलं काही नसेल तर घरीच एक तपासणी करा. आईला भिंतीजवळ उभं करा, एका हाताला तुम्ही धरा. चप्पल काढून टाचांवर पाच-सहा पावलं चालायला सांगा, चवडे जमिनीपासून वर. एल-४ आणि एल-५ मधली गादी बहुतेक वेळा एल-५ ची नस दाबते, आणि पाऊल व अंगठा वर उचलायचं काम त्याच नसेचं. उजवा चवडा डाव्याइतका वर राहतो का, की मध्येच टेकतो, ते बघा. मग आईला खुर्चीत बसवा, दोन्ही अंगठे वर ओढून धरायला सांगा आणि तुमच्या बोटांनी ते खाली दाबा. उजवा लगेच हार मानत असेल तर ती ताकद गेल्याची खूण, आणि मग दोन-तीन दिवसांत डॉक्टरांनी बघायलाच हवं. नुसती कळ आणि मुंग्या असतील, ताकद शाबूत असेल, तर साधारण सहा ते बारा आठवडे गोळ्या, व्यायाम आणि गरज पडली तर नसेजवळ इंजेक्शन, एवढ्यावर बऱ्याच जणांची कळ उतरते. आईचे पाचच झालेत.

आता खरा प्रश्न. बाहेर आलेला गादीचा तुकडा काढणं आणि दोन मणके स्क्रूनं जोडणं, ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. खर्च वेगळा, रक्तस्राव वेगळा, बरं व्हायला लागणारा वेळही वेगळा. पहिल्यांदाच सरकलेल्या साध्या गादीला स्क्रू सहसा लागत नाहीत. मणका मणक्यावरून पुढे घसरला असेल, हालचालीत तो डुगडुगत असेल, तर जोडावं लागतं. पण हे एमआरआयवर ठरत नाही, कारण एमआरआय झोपवून काढतात आणि झोपल्यावर घसरलेला मणका जागेवर बसलेला दिसू शकतो. त्यासाठी उभ्यानं, बाजूनं काढलेले दोन एक्स-रे लागतात: एक पूर्ण पुढे वाकून, एक मागे झुकून. तुमच्या फाईलीत ते आहेत का बघा. नसतील तर स्क्रूचा निर्णय कशावरून झाला, हाच दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न.

आणि रिपोर्टमधल्या शब्दांना घाबरू नका. पन्नाशीच्या, कधी कंबरही न दुखलेल्या माणसांचा एमआरआय काढला तर दहातल्या सहाजणांची गादी फुगलेली दिसते. रिपोर्टात कुठली बाजू, कुठली नस लिहिलीय आणि आईची कळ त्याच बाजूला, त्याच वाटेनं जाते का, हे जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर ऑपरेशन चुकीच्या जागेवर होण्याची भीती असते.

फिल्मरूम

कागद आणि सीडीबद्दल लिहितो. निम्मी दुसरी मतं इथेच फसतात.

रिपोर्टचा कागद म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बघून लिहिलेलं मत. तो घेऊन गेलात तर नवीन डॉक्टर जुन्याच मतावर मत देणार. त्यांना मूळ चित्रं हवीत. १४ बाय १७ इंची फिल्मवर पंधरा-वीस बारीक चौकोन असतात, ते निवडून छापलेले. त्या फिल्मचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला की नसेच्या जागेचा बारकावा संपला. सीडी मागा, आणि ती डायकॉम फायलींची मागा, म्हणजे स्कॅनच्या मशीनमधून निघालेल्या मूळ चित्रांची. कमरेच्या पूर्ण तपासणीत साधारण साठ ते दीडशे चित्रं येतात. सीडी हातात मिळाल्यावर तिथेच काउंटरवर उघडून घ्या: नाव, वय, तारीख आईचीच आहे ना, उभे आणि आडवे दोन्ही छेद आहेत ना. दुसऱ्याचीच सीडी पाकिटात आली, हे अगदी नेहमीचं आहे. घरी आल्यावर आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण आता बऱ्याच ठिकाणी लॅपटॉपला सीडीची खाच नसते. आतली एक-एक फाईल उचलून कॉपी करू नका, मग ती उघडत नाही.

फाईल मागायला संकोच नको. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलंय की रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही दुसरं मत घ्यायचा हक्क आहे. पण हे सगळं काउंटरवर तोंडावर मारायची गरज पडत नाही. एका कागदावर आईचं नाव, ओपीडी नंबर, तारखा आणि काय हवंय ते लिहा, खाली आईची सही किंवा अंगठा घ्या, झेरॉक्सवर 'मिळाले' असा शिक्का आणि तारीख घ्या. रेकॉर्ड विभागात कन्नडच चालत असेल तर "नमगे केस शीट झेरॉक्स बेकु" (आम्हाला केसपेपरची झेरॉक्स हवी) एवढं म्हटलं तरी काम होतं. अर्ज कन्नडमधून किंवा इंग्रजीतून दिलात तर फिरवाफिरवी कमी होते.

डॉक्टरांना काय सांगायचं? खरं ते. "घरातल्या सगळ्यांना विचारायचंय, एकदा दुसरीकडे दाखवून येतो, मग तुमच्याकडे येतो." हे ऐकायची सवय प्रत्येक सर्जनला असते.

नंदगडची_लेक

खूप खूप आभार दोघांचे. टाचांवर चालून बघितलं, दोन्ही चवडे सारखे वर राहतात. अंगठ्यातही ताकद आहे. लघवी-संडासची तक्रार नाही. वाकून काढलेला एक्स-रे फाईलीत नाही, साधा झोपून काढलेला एकच आहे. आणि सीडी उघडली तर त्यात अठराच चित्रं, तीही साध्या फोटोसारखी.

फिल्मरूम

म्हणजे निवडक फोटोच भरून दिलेत. एमआरआयची पावती घेऊन सेंटरवर जा, तपासणीचा नंबर सांगा आणि 'पूर्ण स्टडी, डायकॉममध्ये' असं म्हणा. सेंटरच्या संगणकावर जुन्या तपासण्या कायम राहत नाहीत, जागा भरली की काढून टाकतात, तेव्हा याच आठवड्यात जा. नवीन एमआरआय करायची गरज नाही. लक्षणं बदलली किंवा बरेच महिने लोटले तरच नवा लागतो. ते दोन वाकलेले एक्स-रे मात्र नवीन काढून घ्या, काही शेकड्यांत होतात. फिल्मवर 'पुढे', 'मागे' असं लिहून घ्यायला विसरू नका.

शहापूर_गल्ली

कुठे जायचं, यावर माझं म्हणणं: गाव बदला, दवाखाना बदला, आणि जमलं तर शाखाही बदला. पहिलं मत हाडांच्या डॉक्टरांचं असेल तर दुसरं मेंदू-मणक्याच्या सर्जनचं घ्या, म्हणजे न्यूरोसर्जनचं. किंवा उलट. एकाच संस्थेच्या दोन डॉक्टरांना विचारलं तर खालचा वरच्याच्या विरुद्ध सहसा लिहीत नाही. आधीचे डॉक्टर ज्यांच्याकडे स्वतः चिठ्ठी देऊन पाठवतात, तेही पूर्ण वेगळं मत धरू नका.

आईला बसवत नाही म्हणता, मग बसनं हुबळी किंवा कोल्हापूर म्हणजे हालच. खानापूर मिरज-लोंढा मार्गावर आहे. स्लीपर डब्यात खालचा बर्थ काढा, आईला आडवं करून गुडघ्याखाली घडी केलेलं घोंगडं ठेवा. त्याच गाडीमार्गावर एका बाजूला मिरज, दुसऱ्या बाजूला धारवाड-हुबळी. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. कोल्हापूरला सीपीआर, तेही सरकारी रुग्णालय. हुबळीत सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, धारवाडला एसडीएम मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. निव्वळ मत हवं असेल तर मेडिकल कॉलेजची ओपीडी बरी: गर्दी असते, पण ऑपरेशन गळ्यात मारायची घाई नसते. सकाळी लवकर पोचा आणि त्या विभागाच्या ओपीडीचे वार फोनवर विचारूनच निघा.

आत गेल्यावर "त्यांनी स्क्रू सांगितलेत, बरोबर आहे का?" असं सुरुवातीलाच म्हणू नका. आधी आईला तिच्या तोंडून कळ सांगू द्या, त्यांना तपासू द्या, सीडी बघू द्या. त्यांचं मत आलं की मगच जुना कागद पुढे करा. विचारायचे प्रश्न एका चिठ्ठीवर: आत्ता ऑपरेशन नाही केलं तर सहा आठवड्यांत काय बिघडेल? कुठली खूण दिसली की थांबायचं नाही? ऑपरेशन करायचं तर तुकडा काढून भागेल की जोडावं लागेल, आणि कशावरून? कळ पायातली जाईल की कमरेतलीही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बारकाईनं ऐका. तुकडा काढल्यानं पायातली कळ उतरते, जुनी कमरदुखी मात्र तशीच राहू शकते. हे आधी न कळल्यानं लोक ऑपरेशन फसलं म्हणतात.

दोन मतं उलट आली तर तिसऱ्याकडे फाईल टाकून मोकळं व्हायचं नाही. मतभेद नेमका कशावर आहे ते लिहून काढा. वेळेवर आहे? की स्क्रूवर? तेवढाच प्रश्न तिसऱ्याला विचारा.

कार्डकाउंटर

बीपीएल कार्डाचं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्यांना, ऑपरेशनच्या ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत. पण हे दाखल झाल्यावरचं. दुसरं मत घ्यायची ओपीडी फी, एक्स-रे यात बसत नाही, ते खिशातून.

ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल लागतं, खाजगीत थेट जाऊन कार्ड चालत नाही. इमर्जन्सीला ही अट नाही. तुम्ही एक गोष्ट आजच बघा: पहिल्या दवाखान्यानं तुमच्या कार्डावर या ऑपरेशनसाठी योजनेची पूर्वपरवानगी टाकलीय का? टाकली असेल तर तेवढी रक्कम अडकून पडते आणि दुसरीकडे परवानगी मागताना अडचण येते. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटून ती रद्द करायला सांगा आणि रद्द झाल्याचा मेसेज किंवा प्रिंट घ्या. ऑपरेशनसाठी ॲडव्हान्स भरला असेल तर पावती जपा, तारीख पुढे ढकलतोय असं लेखी द्या.

मिरज किंवा कोल्हापूरकडे गेलात तर आणखी एक वाट आहे. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केलीय. जायच्या आधी त्या दवाखान्याच्या योजनेच्या खिडकीवर फोन करून गावाचं नाव सांगा आणि कुठला दाखला आणायचा ते विचारा. नाहीतर दाखल झाल्यावर कागदासाठी खानापूरला पळावं लागतं.

फिजिओ_टिळकवाडी

ताकद शाबूत आहे हे वाचून बरं वाटलं. टाचांवर चालायची तपासणी रोज सकाळी एकदा करा, वहीत लिहा. ज्या दिवशी उजवा चवडा पडेल त्या दिवशी ही सगळी चर्चा बाजूला.

आता गोळ्यांकडे लक्ष द्या, कारण डॉक्टर बदलताना आजार वाढण्याआधी गोळ्याच दुप्पट होतात. नवे डॉक्टर ॲसिक्लोफिनॅक लिहितात, जुन्यांची डायक्लोफिनॅक घरात असतेच, शिवाय मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन. तिन्ही एकाच जातीच्या. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर, त्यात लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर जास्तच, त्या किडनीवर येतात. शुगर असलेल्या माणसाला तर हे चालणारच नाही. सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरून नव्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नुसतं 'पांढरी गोळी' सांगून कुणाला कळत नाही. क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, महिन्याभरात तपासलं नसेल तर तपासून घ्या, शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, पण.

नसेजवळचं इंजेक्शन ठरलं तर त्यात स्टेरॉइड असतं, पुढे काही दिवस शुगर चढते. घरी मशीन असेल तर सकाळ-संध्याकाळ बघा. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं, पण ती स्वतःहून बंद करू नका. आणि मुंग्यांसाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन चालू असेल तर डॉक्टर बदलले म्हणून एका झटक्यात सोडायची नाही, आठवडाभर तरी कमी करत आणायची. झोप उडते, घाम येतो, जीव घाबरतो, आणि घरचे म्हणतात नव्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं नाही.