चिप कंपन्या लिनक्सला कोड देतात तरी कशासाठी?

थर्डइयर_सांगली
मंडळी, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. प्रोजेक्टसाठी एक स्वस्तातला एआरएम बोर्ड घेतला. कंपनीने दिलेल्या सिस्टीम इमेजमध्ये लिनक्सचा कर्नेल (गाभा) ४.९ आहे, म्हणजे २०१६ चा, आणि मला हवं ते कॅमेरा मॉड्यूल त्यात चालत नाही. नवा कर्नेल टाकला तर बोर्ड बूटच होत नाही, सिरियल कन्सोलवर दोन ओळी येतात आणि शांत. मित्राच्या रास्पबेरी पायवर मात्र सगळं गपगुमान चालतं. मग ह्या कंपन्या स्वतःचा कोड सरळ मेन कर्नेलमध्ये का टाकत नाहीत? आणि इंटेल, एएमडीवाले पगारी माणसं ठेवून टाकतात तर त्यांना त्यातून मिळतं काय? समाजसेवा तर नसणार.

बीएसपी_ग्रस्त
समाजसेवा अजिबात नाही रे. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये ११ वर्षं घासतोय, कंपनीचं नाव विचारू नकोस. आमच्याकडे कसं चालायचं सांगतो. नवी चिप आली की कुठला तरी कर्नेल उचलायचा, त्यात आपले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) कोंबायचे, कस्टमरला बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज, त्या बोर्डापुरता सॉफ्टवेअरचा गठ्ठा) म्हणून द्यायचं आणि टीम लगेच पुढच्या चिपवर. मागच्या चिपकडे ढुंकून कुणी बघत नाही. तुझा ४.९ हा असाच वाऱ्यावर सोडलेला माल आहे.

आता गंमत अशी की लिनक्स कर्नेलच्या आतली फंक्शन्स कधीही बदलतात, ती तशीच ठेवू असा शब्द कुणी कुणाला दिलेलाच नाही. तुझा ड्रायव्हर बाहेर असेल तर दर व्हर्जनला तूच मरायचं. आत असेल तर ज्याने फंक्शन बदललं त्यानेच तुझा ड्रायव्हरही दुरुस्त करायचा, असा तिथला रिवाज आहे. आत जाण्याचा खरा फायदा हा, बाकी सगळं पीआर.

आणि इंटेलचं गणित वेगळंच, त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे सर्व्हरवाले. नवा प्रोसेसर बाजारात आला त्या दिवशी त्यावर डिस्ट्रो (उबुंटूसारखं तयार लिनक्स) चालायलाच हवा. कर्नेल ९-१० आठवड्यांनी रिलीज होतो, त्यानंतर डिस्ट्रोवाले तो उचलणार, म्हणजे उलटं मोजत गेलास तर पॅच (कोडमधले बदल) लाँचच्या कितीतरी आधी कर्नेलच्या मेलिंग लिस्टवर टाकावे लागतात. म्हणून तर न आलेल्या चिपांची नावं लोकांना पॅचमधूनच कळतात :)

पॅच_पाठवणारी
वरच्या दादांचं बरोबर, पण "सरळ टाकत नाहीत" म्हणालास ना, तिथे अडतंय. सरळ टाकताच येत नाही! एएमडीचा किस्सा माहितीये का? २००७ मध्ये त्यांनी ग्राफिक्स चिपची कागदपत्रं उघडी करायचं ठरवलं, ओपन ड्रायव्हरला पाठबळ दिलं, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पुढे amdgpu नावाचा नवा ओपन ड्रायव्हर आला. मग नव्या कार्डांच्या डिस्प्लेसाठी त्यांनी आत बसून एक प्रचंड मोठा कोड लिहिला, विंडोजसाठीही तोच वापरता येईल असा, आणि २०१६ मध्ये तो लिस्टवर आणला. कंपनीच्या दृष्टीने शहाणपणाच होता, एकदा लिहा आणि दोन्हीकडे चालवा.

कर्नेलमधल्या ग्राफिक्सचा मेन्टेनर (तिथे काय आत जाणार ते ठरवणारा) डेव्ह एअरली, तो रेड हॅटचा माणूस, त्याने डिसेंबरमध्ये साफ नाही म्हणून सांगितलं. म्हणणं एवढंच की मध्ये असला ॲबस्ट्रॅक्शनचा थर (कर्नेल आणि ड्रायव्हरमधला दुभाषी कोड) आम्ही घेत नाही, मग कंपनी केवढीही असो. उद्या तुमची टीम दुसरीकडे गेली की हा कोड आमच्या गळ्यात. बरीच वादावादी झाली, आणि मग एएमडीवाले खरंच बसले आणि कोड पुन्हा लिहायला घेतला, ह्यावेळी सगळ्यांसमोर, तुकड्या-तुकड्यांत. दरम्यान ऑगस्ट २०१७ मध्ये एएमडीचं व्हेगा कार्ड बाजारात आलं आणि मेन कर्नेलवर त्याचा डिस्प्लेच लागेना! शेवटी तो कोड ४.१५ मध्ये गेला, जानेवारी २०१८, तेव्हाही लाखाच्या वर ओळी होत्या. मला विचारशील तर एअरलीचंच बरोबर होतं, पण एएमडीच्या त्या इंजिनियरांची दया येते, वरून मॅनेजर आणि समोरून लिस्ट.

हिरवा_कंपू
एएमडीची आरती झाली असेल तर एनव्हिडियाकडे या. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीत लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं ते ह्यांनाच. नूव्हो नावाचा ओपन ड्रायव्हर करणारे बिचारे एनव्हिडियाच्या चिप उलगडून उलगडून तो लिहीत होते, तर पुढच्या कार्डांवर कंपनीने सही केलेलं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) सक्तीचं झालं, मग क्लॉक (चिपचा वेग) वाढवणंच बंद, कार्ड गोगलगायीसारखं. मे २०२२ मध्ये कर्नेल मॉड्यूल ओपन केलं खरं, पण ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्याच कार्डांसाठी, आणि बरंच काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये ढकलून. दार उघडलं, कपाटाला कुलूप तसंच. तरी मी खूश आहे, खोटं कशाला बोलू.

पॅच_पाठवणारी
@हिरवा_कंपू कुलूप दरवेळी चिपवाल्यांचंच असतं असं नाही हं. एचडीएमआय २.१ चा ओपन कोड एएमडीला द्यायचा होता, २०२४ मध्ये ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनेच नाही म्हटलं.

थर्डइयर_सांगली
बापरे, एवढं राजकारण. मग पायचं कसं जमलं? आणि माझ्या बोर्डाचं काय?

बीएसपी_ग्रस्त
पायची चिप ब्रॉडकॉमची. २०१४ मध्ये त्यांनी ग्राफिक्सची कागदपत्रं खुली केली आणि एरिक ॲनहोल्टला इंटेलमधून आणून ओपन ड्रायव्हर लिहायला बसवलं. नुसती कागदपत्रं फेकून भागत नाही, पगार देऊन माणूस बसवावा लागतो.

तुझ्यासाठी: कर्नेलच्या सोर्समध्ये arm64 च्या dts फोल्डरात (बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइली तिथे असतात) तुझ्या चिपचं नाव शोध. असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर लिस्टच्या अर्काइव्हमध्ये शोध. आणि पुढच्या वेळी हे बोर्ड घ्यायच्या *आधी* बघायचं.

थर्डइयर_सांगली
अपडेट: चिप आहे, माझा बोर्ड नाही. पण अर्काइव्हमध्ये कुणीतरी हौशी माणसाने ह्याच बोर्डाचे पॅच टाकलेत, तिसरी आवृत्ती चालू आहे, कंपनीचा पत्ताच नाही त्यात. काल रात्री लावले, बूट झाला!! वायफाय नाही, पण बूट झाला. टेस्ट केलं म्हणून मेल पाठवला तर लिस्टने परत पाठवला, एचटीएमएल चालत नाही म्हणे.

पॅच_पाठवणारी
प्लेन टेक्स्टमध्ये पाठव, फोनवरून नको. माझंही पहिलं मेल असंच परत आलेलं. आणि Tested-by ची ओळ खऱ्या नावाने लिही, थर्डइयर_सांगली म्हणून नको :D